आभाळातनं दिसलेली मेंढरं

ढेबेवस्ती, ता. माण
९ जानेवारी २०२५

उत्कर्षाताई,

करू नये ते केलंय मी. आधी पत्र पुरं वाच, मग काय शिव्या द्यायच्या त्या दे. तुज्या आईला मी आभाळातनं आपली मेंढरं दाखवली. खोटीच.

तुला म्हाईत हाय, काकीच्या गुडघ्यात सळई बसल्यापासनं ती घरात. एकतीस वर्सांत पयल्यांदा तुजं आबा तिला सोडून मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला गेलं. संगं फकस्त आत्याचा दिग्विजय. काकीला घरात करमंना. उजाडलं की वट्ट्यावर बसायची आन् मला इचारायची, आज कुटं आसतील रं? फोन लावला की दिग्विजय उचलतो, "आबा मेंढरामागं गेल्यात" म्हणतो आन् ठेवून देतो. आबांचा आवाज काय तिला मिळंना. रोजचंच झालं. मग एक दिस मी म्हणलो, काकी, फोन कशाला, आभाळात उपग्रह हाय, त्यो वरनं फोटू काढतो, हितं बसून बघ की.

फोनात नकाशा उघडला, त्यातला वरनं काढलेला फोटू लावला आन् उंब्रजच्या पल्याड नदीकडंचं एक रान धरलं. रानात पांढरं पांढरं ठिपकं हुतं. म्हणलो, ही बघ आपली मेंढरं. मधी एकच तांबडा ठिपका. म्हणलो, ह्यो आबांचा फेटा.

मला वाटलं हसंल, दोन शिव्या घालंल, मिटलं. तिनं फोन कपाळाला लावला. मग त्या फेट्यावरनं बोट फिरवलं, हळूच, पुसल्यावानी. हसायचं म्हणून केलं आन् मलाच हसू ईना.

आता रोज सकाळी च्या प्यायच्या आधी दर्शन लागतंय. दोन दिस बरं गेलं. तिसऱ्या दिशी म्हणली, आपली मेंढरं काळी, ही पांढरी कशी? म्हणलो, उनात लोकर चमकती. मग म्हणली, एकशेचाळीस हायत, हितं चाळीसच, बाकीची? म्हणलो, झाडाखाली. रानात झाड एक न्हाई ताई. आता तिच्या मनानं घेतलंय की आबांनी काळी मेंढरं इकली आन् जतकडची पांढरी माडग्याळी घेतली, आन् तेबी तिला न इचारता. काल भाकरी थापताना परातीलाच दम भरत हुती.

फोन तिच्या हातात आसतो आन् तुजा फोन आला की स्पीकरवर टाक म्हणती, म्हणून कागद. तू फिजिक्सवाली. काळी लोकर वरनं पांढरी का दिसती ह्येला शास्त्रातलं एखादं कारण आसंल तर धाड. मोठमोठ्या शब्दातलं आसलं तर लय बरं, म्हंजे ती मधी इचारणार न्हाई.

तुजा
अमृत

सांगली
१४ जानेवारी २०२५

अमृत्या,

आज सणाचं गोड बोलायचं असतं म्हणून गाढवा लिहीत नाही. तू समजून घे.

तू सांगितलेलं रान मी कॉलेजच्या कॉम्प्युटरवर शोधलं. नदीकडेला, चारी बाजूला ऊस, मधे तांबडा ठिपका. सापडलं. ती मेंढरं नाहीत रे, ऊसतोडीच्या टोळीच्या कोप्या, म्हणजे झोपड्या आहेत. वर पांढरं प्लास्टिक टाकलेलं. एकेचाळीस आहेत, मोजल्या. नकाशात अंतर मोजायची सोय असते, तिनं मापल्या. एक कोपी दहा फुटांची. आणि आबांचा फेटा बारा फूट रुंद भरला. तो कुणाच्या तरी कोपीवरचा तांबडा कागद आहे. वर फोटो डिसेंबर २०२२ चा. ती टोळी केव्हाच घरी गेली. तू आईला दोन वर्षांपूर्वीची, दुसऱ्यांची घरं दाखवून पाया पडायला लावलंस.

शास्त्रातलं कारण मागितलंस ना, घे. पण आईला उलटं सांगायला नाही, सुलटं सांगायला.

तो उपग्रह सांगलीपासून बंगळूर जेवढं लांब, तेवढा वर असतो. तिथनं बघायचं तर आरसा मोठा लागतो. का ते सांगते. रानाला पाणी पाजताना तू बांधाला दारं पाडतोस. रुंद दारं असलं की पाणी सरळ पुढं जातं. बारीक पाडलं की बाहेर पडल्या पडल्या दोन्ही अंगाला पसरतं. उजेडाचंही थोडंफार तसंच. जेवढा आरसा लहान तेवढा उजेड पसरतो, आणि एक ठिपका शेजारच्या ठिपक्यावर सांडतो. चांगल्यातल्या चांगल्या उपग्रहाचा आरसा साडेतीन फुटांच्या आसपास. त्याला एवढ्या उंचीवरनं फूटभर, दीड फूट, याच्या खालचं काही वेगळं काढता येत नाही. म्हणजे मेंढरू कसं दिसेल? दोन ठिपके, फार तर तीन. काळ्या रानात काळं मेंढरू असेल तर तेही नाही.

मेंढराचं तोंड ओळखायचं म्हटलं तर आरसा सव्वाशे फुटांचा लागेल, आपली वस्ती ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत. तो वर नेणार कोण? आणि नेला तरी मधली हवा गप्प बसत नाही. उन्हात डांबरी रस्त्यावर पलीकडचं माणूस लटपटताना दिसतं की नाही, तसं. फुकट मिळणारे ताजे फोटो असतात ते पाच-पाच दिवसांनी येतात, आणि त्यात एक ठिपका दहा मीटरचा. आपला सगळा कळप रात्री कोंडायच्या वाघुरीच्या जाळीत बसवला तर एका ठिपक्यात मावेल. त्यात आबा शोध.

म्हणून आईला खरं सांग. तिला कोप्यांच्या नादी लावू नको. आबा बरे आहेत. मी सध्या लय गडबडीत आहे, पत्राला उशीर झाला तर रागवू नको.

उत्कर्षा

ढेबेवस्ती
१९ जानेवारी २०२५

ताई,

तुजं पत्र तीन येळा वाचलं. दाऱ्याचं आन् पाण्याचं कळलं. कळलं म्हणूनच भ्या वाटलं, कारण आता मला म्हाईत न्हवतं असं म्हणायची सोय ऱ्हायली न्हाई.

खरं सांगायला गेलो हुतो. देवाशपथ. काकी वट्ट्यावर फोन घेऊन बसली हुती. मी म्हणलो, काकी, ह्या फोटूचं एक सांगायचंय. ती म्हणली, आधी माजं ऐक. दुपारच्या उनात मेंढरं काय करत्यात? म्हणलो, घोळका. म्हणली, एकमेकीच्या पोटाखाली डोकी घालून घोळका करत्यात, सावली धरत्यात. ही बघ, सुटी सुटी हुबी, हातहात अंतर सोडून. सुटं हुबं ऱ्हातंय ते मेंढरू आजारी. आन् दहा दिस झालं ह्येंनी जागा सोडली न्हाई. कुठला शेतकरी दहा दिस एकाच रानात मेंढरं बसवून घेतो? चार रात्री झाल्या की खत पुरं, मग म्होरं जा म्हणतो.

तुज्या आबाला कायतरी झालंय, म्हणली. मेंढरंबी आजारी आन् ह्येबी.

आता सांग, ह्येच्यावर मी काय बोलू? कोप्या हायत म्हणलो आसतो तर म्हणली आसती, दहा दिस मला कोप्या दाखवल्या व्हय रं भाड्या. मी घागर उचलली आन् पाण्याला गेलो.

त्यात दुसरं एक झालंय. वस्तीतल्या बायकांना कळलं. शेजारच्या मनुबाईनं लेकीचं सासर बघितलं. पत्र्याचं छप्पर दिसलं. म्हणली, धुणं वाळत न्हाई घातलं, म्हंजे पोर आजारी आसंल, न्हाईतर आळशी. लगीच लेकीला फोन लावून झाप झाप झापली. लेक म्हणली, आय गं, मी आत्ता धुणं काढलं. म्हंजे दोघींचाबी फोटूवर इस्वास बसला.

काकीनं पिशवी भरलीय. कुबडी घेऊन यष्टीनं उंब्रजला जाते म्हणती. मी म्हणलो, तू थांब, मी जातो. मित्राची, वीरधवलची, मोटारसायकल मागितलीय. परवा जातो आन् आबांचा खरा फोटू काढून आणतो, आभाळातनं न्हाई, समोरनं. मग सगळं मिटंल.

आन् ताई, आबा बरे हायत हे तुला कुणी सांगितलं? त्येंचा फोन तर दिग्विजयच उचलतो.

अमृत

सांगली
२१ जानेवारी २०२५

अमृत,

उंब्रजला जाऊ नको. हे पत्र मिळेल तेव्हा निघाला नसशील अशी आशा आहे.

आईला अजून पंधरा दिवस काही सांगू नको. खरंही नको. हवं तर म्हण, आज तांबडा ठिपका हलला. म्हण, मेंढरं आता घोळक्यात आहेत. तुला जमतं ते सगळं.

का ते विचारू नको. मी पायाला हात लावून सांगते असं समज.

उत्कर्षा

ढेबेवस्ती
२५ जानेवारी २०२५

ताई,

तुजं पत्र आलं तवा मी जाऊन आलो हुतो.

आधी मला वाटलं, आमची ताईबी सुदरली, थापा मारायला लागली, माज्यावर गेली. आता हसू ईत न्हाई.

उंब्रजच्या अल्याड नदीकडंला दिग्विजय घावला. मेंढरं चांगली हायत. काळीच हायत. ऊस तोडून नेलेल्या खोडव्याच्या रानात दुपारची घोळका करून बसल्याती, पोटाखाली डोकी घालून, काकी म्हणली तश्शी. मी इचारलं, आबा कुटं? दिग्विजय म्हणला, मेंढरामागं गेल्यात. मी म्हणलो, मेंढरं तर हितं बसल्यात गड्या, आन् त्येंच्या मागं नदी हाय. त्यो चुलीत फुकायला लागला. चुलीत इस्तू न्हवता.

तासभर धरून बसलो तवा एवढंच बोलला की आबा तीन आठवडं झालं सांगलीत हायत, तुज्याकडं. बाकी बिरोबाची आण घातलीया म्हणला, तोंड उघडणार न्हाई. घोंगडं पांघरून पार तोंडावर घेतलं, भर दुपारी.

मी मेंढरांचा फोटू काढला, फोनवर, हुबा ऱ्हाऊन. घरी आणून काकीला दाखवला. तिनं एक एक तोंड बघितलं. पार शेवटच्या कोकरापतुर. म्हणली, समदी हायत, एक बारकं कोकरू न्हाई. मग म्हणली, ह्यात ह्येनी न्हाईत. मी म्हणलो, दाढी करायला गेल्यात. ती म्हणली, बरं. एवढंच. काकी नुसतं बरं म्हणली की मला कसं हुतंय ते तुला ठावं हाय.

तू तांबडा ठिपका हलला म्हण म्हणतीस. फेटा सांगलीत हाय तर मी हितं हलवू कसा? आबांना काय झालंय? खरं लिव. मी थापाड्या हाय, पर पोटात ठेवाय येतंय मला.

अमृत

सांगली
२९ जानेवारी २०२५

अमृता,

लिहिते. आण मलाही घातली आहे, पण तू अर्धं काढलंसच.

आबांना दोन वर्षं नीट दिसत नाही. मेंढरं आवाजावरनं आणि चालण्यावरनं ओळखायचे, त्यामुळं कुणाला कळलं नाही. एकतीस डिसेंबरला हायवे ओलांडताना ट्रक लांब आहे असं समजून त्यांनी मेंढरं सोडली. दिग्विजय ओरडत मधे पळाला म्हणून कळप वाचला. एक कोकरू गेलं. दुसऱ्या दिवशी दिग्विजयनं त्यांना माझ्याकडं आणून सोडलं.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पार पिकलेला. साखरही वाढलेली, म्हणून ऑपरेशन थांबलं. सोळा तारखेला उजवा डोळा झाला. डावा फेब्रुवारीत. डॉक्टर म्हणाले, उशीर केलात, लांबचं किती साफ दिसेल ते आत्ता सांगता येत नाही. मी राहते तिथल्या मालकीणबाईंनी, अंजनाकाकूंनी, जिन्याजवळची खोली दिली आहे. आबा तिथं असतात. रेडिओ लावून बसतात आणि बाहेर शेळी ओरडली की दारात जातात.

आईला का सांगायचं नाही, ते ऐक. आईच्या वडलांचे डोळे गेले तेव्हा तिच्या भावांनी एका दिवसात कळप बाजारात नेऊन विकला. आजोबा त्यानंतर दोनच वर्षं होते. आबा म्हणतात, "तिनं ते डोळ्यानं बघितलंय. मी गाडीखाली जायच्या आधी तीच मेंढरं इकंल. आन् मेंढरं गेली तर मी काय करू, सांग." हे बोलताना ते रडले नाहीत, म्हणून मला जास्त भीती वाटली. म्हणून मी आण घेतली.

तुझं पहिलं पत्र आणि मी काढलेलं माप मी त्यांना वाचून दाखवलं. डोळ्यावर पट्टी होती. बारा फुटांच्या फेट्याला एवढे हसले की मला धरून बसवायला लागलं. मग म्हणाले, ते फेट्यावरनं बोट फिरवलं ते परत वाच. परत वाचलं. थोड्या वेळानं म्हणाले, आणखी एकदा.

आता कळलं का? अजून थोडे दिवस सांभाळ. डावा डोळा झाला, लांबचं दिसायला लागलं, की ते स्वतः घरी येतील आणि काही झालंच नव्हतं असं वागतील. आणि नाही दिसलं तर, तेव्हाचं तेव्हा बघू.

उत्कर्षा

ढेबेवस्ती
४ फेब्रुवारी २०२५

ताई,

मी एक सबूद बोललो न्हाई. हे आधी लिवतो, कारण म्होरलं वाचल्यावर तू इस्वास ठेवणार न्हाईस. मी सांगितलं न्हाई, त्या फोटूनं सांगितलं.

तुजं पत्र आलं आन् मला कोप्यांचं ओझं सोसंना. म्हणलं, आबांचं पोटात ठेवायचं तर निदान ह्ये तरी भायेर टाकू. सकाळी काकीला म्हणलो, काकी, मी तुला फशिवलं, ती मेंढरं न्हाईत, ऊसतोडीवाल्यांच्या कोप्या हायत, आन् त्याबी जुन्या. कुबडी हाणली. पाठीवर बसली, वळ हाय, परत्यक्ष दाखवीन. मग म्हणली, आन् ती तांबडी? म्हणलो, कोपीवरचा कागद. ती लय येळ त्या फोटूकडं बघत बसली. म्हणली, मग आभाळातनं काय दिसतच न्हाई म्हण की.

म्हणलो, दिसतंय, पर एवढंच. तू लिवलेलं समदं सांगितलं तिला. दारं, पाणी, आरसा. ठिपका ठिपक्यावर कसा सांडतो. तिला पटंना, म्हणून दोन बोटांनी फोटू मोठा करून दाखवला. कोपी मोठी झाली, आणखी मोठी, मग तिच्या कडा गेल्या, मग नुसतं चौकोन, पांढरं, मळकं, राखाडी. म्हणलो, हितनं म्होरं काय न्हाई. कितीबी वडलं तरी जे टिपलंच न्हाई ते कुटनं दिसणार. कायतरी हाय एवढं कळतंय, काय हाय ते कळत न्हाई.

काकीनं फोन हातात घेतला. लांब धरला. जवळ आणला. परत लांब.

"ह्येस्नी आसंच दिसत आसंल," म्हणली.

म्हणलो, कुणाला?

तिनं माज्याकडं बघितलंबी न्हाई. मग एकेक काढायला लागली. मागच्या साली कोकणात उतरताना आबा एका काळ्या दगडाला हाका मारत बसलं हुतं, तिला वाटलं चेष्टा करत्यात. दोन वर्सं झाली, लांबचं मेंढरू दावून तिला इचारायचं, ती कुठली गं? तिला वाटायचं, माजी परीक्षा घेत्यात. ती नाव सांगायची आन् त्येनी म्हणायचं, बराबर. एकदा तर तिनं मुद्दाम चुकीचं सांगितलं, तवाबी बराबर म्हणलं. तवा ती हसली हुती.

मग मला म्हणली, कुटं हायत, सांगलीला? मी दाताखाली जीभ धरली. म्हणली, तू गप बसलास म्हंजे व्हय. जल्मात गप बसला न्हाईस तू.

मला वाटलं आता मेंढरं इकायचं काढती. मी म्हणलो, काकी, कळप इकू नकोस. ती माज्यावर अशी काय भडकली. म्हणली, "माज्या बापाचं डोळं गेलं त्यानं बाप मेला न्हाई. दारातनं मेंढरं गेली, त्यानं मेला. मी इकीन व्हय? ह्येंचं डोळं, माजा पाय. दोघांत मिळून एक मेंढका हुतोय की."

आबा भीत हुतं ते हिला. आन् ही भीत हुती ते आबाच मेंढरं इकतील म्हणून, गुडघा मोडल्यापासनं. एकतीस वर्सं एका चुलीवर खाल्लं दोघांनी.

उद्या मी तिला वीरधवलच्या गाडीवर मागं बसवून उंब्रजला तळावर नेतोय. तिथंच ऱ्हाणार म्हणती, आबा येस्तवर. आन् मला आण घातली की तिला कळलंय हे आबांना कळता कामा नये. म्हणली, लपवलंय ते ह्येंनी मानापायी लपवलंय, त्येंचा मान त्येंच्यापाशी ऱ्हाऊंदे.

तवा तूबी सांगू नको.

अमृत

सांगली
१५ फेब्रुवारी २०२५

अमृत,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. चौथ्यांदा अंजनाकाकूंनी विचारलं, पोरी, घरी सगळं बरं ना? मी बरं म्हटलं, आणि ते खरं होतं.

काल डावा डोळा झाला. उजव्यानं आता भिंतीवरचं कॅलेंडर वाचतात, म्हणजे आकडे. लांबचं मात्र अजून कळलं नाही, कारण इथं लांब असं काही नाही, समोर भिंत. गच्चीवर नेलं तर म्हणतात, हितं बघायजोगं काय हाय? मेंढरं असल्याशिवाय त्यांना परीक्षा द्यायची नाही.

धूळ चालणार नाही असं डॉक्टरांनी बजावलं, तरी ते ऐकत नाहीत. एक मार्चला काळा चष्मा घालून एका दिवसापुरते सोडते आहे, दिग्विजय येऊन नेईल. आईचं मी काही बोललेले नाही. तिथं आई बसलेली बघितल्यावर काय होईल, मला झोप नाही. सगळं लिही. काही गाळू नको.

उत्कर्षा

मुक्काम उंब्रजजवळ, मेंढरांत
२ मार्च २०२५

ताई,

गाळत न्हाई. पर वाचून झालं की फाडून टाक.

आबा काल सकाळी आलं. दिग्विजय धरून आणत हुता, तळ दिसला तसा त्येनी हात सोडवून घेतला आन् एकटं चालत आलं. काळा चष्मा, फेटा, पांढरं धोतार. काकी चुलीपाशी बसली हुती. मी म्हणलं आता काय हुतंय. तर काकी म्हणली, "आलासा व्हय. मला घरात करमंना, म्हणून आले." आन् आबा म्हणलं, "पोरीला भेटून आलो. धुरळ्यानं डोळं आल्यात, चष्मा लावलाय." काकी म्हणली, बरं. आबा म्हणलं, गुडघा? काकी म्हणली, बरा. दोघंबी झ्याक थापा मारत्यात गं, मी उगीच वस्तीत नाव कमावलं.

मेंढरं लांब पसरली हुती, पार खोडव्याच्या त्या कडंला, नदीच्या दरडीपतुर. चांगलं दोन हाकंचं अंतर. मला सोताला तिथं नुसतं काळं ठिपकं दिसत हुतं. काकीनं कुबडी उचलली आन् त्या कडंला केली.

"आवं, ती कडंची कुठली? मला दिसंना."

तिला दिसत हुती ताई. तिला समदं दिसतंय.

आबा हुबं ऱ्हायलं. चष्मा काढला. दिग्विजय पाणी पीत हुता, त्यो तांब्या तसाच धरून बसला. आबांनी हात डोळ्यावर धरला, मान जरा वाकडी केली. लय येळ. मी मनात बिरोबाला म्हणलो, जल्मात परत थाप मारत न्हाई.

"चंद्री," म्हणलं. "कपाळावर चांद हाय. आन् मागला डावा पाय झाडती, काटा रुतलाय तिला. दिग्या, आरं काय बघत बसलायस, जा, काढ की."

दिग्विजय पळाला. खरंच काटा हुता, बाभळीचा, बोटाएवढा.

काकी म्हणली, व्हय का, मला कोकी वाटली. आबा म्हणलं, तुलाच आता दिसंनासं झालंय. काकी म्हणली, व्हय, मलाच. आन् लगीच भांडायला लागली, उनात बोडक्या डोळ्यांनी हुबं काय ऱ्हाताय, चष्मा लावा, धुरळा हाय, बसा. असं बोलत बोलत ती चुलीकडं वळली आन् च्या ठेवला. ताई, मी तिच्या म्होरल्या अंगाला हुतो म्हणून मलाच दिसलं. डोळ्यातनं धार लागलेली, आन् गालात हसत हुती, आन् त्या च्यात एकदा साखर टाकली, ढवळली, परत टाकली, परत तिसऱ्यांदा टाकली. मग पदरानं तोंड पुसलं आन् धूर लागला म्हणली. धूर उलट्या अंगाला जात हुता.

आबांनी त्यो च्या पेला. त्येंची साखर वाढल्याली, तू बजावून पाठवलेलं. अर्धा कप पेला आन् मग माज्याकडं बघून हळूच उरल्याला मातीत वतला. काकीला म्हणलं, झ्याक झालाय.

दुपारी काकी पडली तवा आबांनी मला नदीकडं नेलं. म्हणलं, पोरा, तुज्या काकीला माज्या डोळ्याचं कवाच कळू देऊ नको, लय जीवाला लावून घेती ती. मी म्हणलो, न्हाई आबा. सांजच्याला आबा गेल्यावर काकी म्हणली, त्येस्नी कवाच कळू देऊ नको रं, मला कळलं हुतं म्हणून. मी म्हणलो, न्हाई काकी. मेंढरं कुणी इकायची न्हाईत, हे मातर दोघांनी दोन येळा मला येगयेगळं सांगितलं. चैतात आबा परत कळपावर येणार, काकी संगं ऱ्हाणार, आन् म्होरं चालायला मी. ते कुणी मला इचारलं न्हाई, नुसती काठी हातात दिली. आज दिसभर हिंडून सात मेंढरं तोंडावरनं ओळखाय लागलोय. आठव्याला चुकलो, ते बोकड निघालं, दुसऱ्याचं.

ताई, तुज्या पाया पडतो, ह्यातलं कुणाला बोलू नको. आबांना न्हाई, काकीला न्हाई, दिग्विजयला तर न्हाईच, त्येच्या पोटात फकस्त बिरोबाच्या आणंनं ऱ्हातंय. अंजनाकाकूंनी इचारलं तर म्हण, पोरगं मेंढरांचं लिवतंय. त्या दोघांना वाटूंदे, आपलं कुणाला कायबी दिसलं न्हाई.

तुजा
अमृत